युक्ती सांगून टाकणारा जादूगार

आमचे घरमालक जादूचे प्रयोग करायचे आणि प्रयोग संपला की तो कसा केला ते सांगून टाकायचे. कुणी नको म्हटलं तरी सांगायचे. टाळ्या वाजत असल्या तर हात वर करून त्या थांबवायचे आणि विचारायचे, "थांबा, थांबा. तुमचं लक्ष कुठे होतं?"

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. लग्न होऊन मी नाशिकहून मालाडला आले होते आणि तिथल्याच एका शाळेत लागले होते. मालाड पूर्वेला, दिंडोशीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांची पत्र्याच्या छपराची खोल्यांची ओळ होती. आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा ते दारातच उभे होते. उंच, किडकिडीत, पांढरा लेंगा आणि वर बाह्यांचा बनियन. भाडं, डिपॉझिट, पाणी किती वाजता येतं, यातलं काही न बोलता त्यांनी खिशातून एक नाणं काढलं, ते माझ्यासमोर उजव्या मुठीत धरलं, मूठ उघडली. नाणं नव्हतं.

"तुम्ही कुठे बघत होतात?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या हाताकडे."

"कुठल्या?"

"उजव्या."

"का?"

मी गोंधळले. म्हटलं, "तुम्ही स्वतः तिकडेच बघत होतात, म्हणून."

ते हसले नाहीत. माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "सामान कधी आणताय?"

मालवणकडचे होते ते. परक्या माणसाशी मराठीत बोलायचे, पण बोलणं जिव्हाळ्याचं किंवा रागाचं झालं की मालवणीवर घसरायचे. कांदिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढला होता आणि मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसले होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकी. काकी ठेंगण्या, कामसू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. धाकट्या मुलीचं लग्न होऊन ती बोईसरला गेली होती. भिंतीवर दुसऱ्या एका मुलीचा फोटो होता, त्याला हार होता. आल्याआल्या काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेजारणीने एवढंच सांगितलं, "थोरली. मुलुंडला दिली होती. स्टोव्हचा भडका झाला." त्या दिवसांत हे वाक्य वर्तमानपत्रात इतक्या वेळा यायचं की ऐकणारा पुढचं विचारत नसे.

काकांच्या सवयी सगळ्या एकाच जातीच्या. कोळीण मासे तोलायला लागली की सगळ्या बायका तराजूच्या काट्याकडे बघायच्या, काका तिच्या दुसऱ्या हाताकडे बघायचे. नळावर दोघींचं भांडण जुंपलं की ते तिसरीकडे बघत उभे राहायचे. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीवर सिनेमा बघायला यायचे आणि नायक गात असताना म्हणायचे, "मागे ती बाई बघा. तोच हंडा परत परत भरतेय." त्यांच्याशी बोलताना तर फार अवघड व्हायचं. आपण बोलतोय आणि हा माणूस आपल्या तोंडाकडे न बघता आपल्या शेजारी गप्प बसलेल्या माणसाकडे बघतोय. माझा नवरा वैतागायचा. "सरकलेत जरा," असं म्हणायचा.

सकाळी चहा झाला की ते दाराला टांगलेल्या आरशासमोर बसायचे. पत्ते, नाणी, दोऱ्या, रंगीत रुमाल. म्हातारपणी शिकलेला हात, त्याला काही खास सफाई नव्हती. पत्ता पडायचा, ते उचलायचे, पुन्हा सुरू. आरशासमोर बसले की काकी तांदूळ निवडायचं सूप घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसत. आतून पत्ते पडल्याचा आवाज आला तरी मान वर करत नसत. मला वाटायचं, कंटाळल्या असतील बिचाऱ्या.

कुणी विचारलं, काका हे या वयात काय काढलंत, तर ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे. न्हाव्याला म्हणाले, घरी बसून माणूस गंजतो. गणपतीच्या मंडपातल्या पोरांना सांगितलं, डॉक्टरने बोटांना व्यायाम सांगितलाय. मला एकदा म्हणाले, "लहानपणी जत्रेत जादू बघितली होती, तेव्हापासून मनात होतं." ते खरं वाटलं नाही, कारण हे बोलताना त्यांच्या तोंडावर जत्रेतलं काहीच नव्हतं.

त्यांचे प्रयोग होते ते वाढदिवसाचे. कांदिवलीच्या एका सोसायटीत माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा वाढदिवस होता, मीच त्यांना सुचवलं होतं. काळा कोट घालून गेले. पोरं जमिनीवर मांडी घालून बसलेली. काकांनी रिकाम्या पिशवीतून एक रुमाल काढला, मग दुसरा, मग गाठ मारलेली रुमालांची माळ. पोरं किंचाळायला लागली. मैत्रिणीचा मुलगा तर उठून नाचायलाच लागला.

काकांनी हात वर केला. "बसा. तू बस खाली. आता मला सांग, पिशवी रिकामी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

"मी सांगितलं आणि तू मानलंस?"

त्यांनी पिशवी उलटी केली. आतला चोरकप्पा दाखवला. "हे बघ. इथे होते. मी पिशवी दाखवली तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, कारण मी हसत होतो. माणूस हसत असला म्हणजे बघायचं थांबवायचं नसतं. कळलं?"

मुलाचा चेहरा पडला. तो पिशवीकडे बघत राहिला आणि मग भोकाड पसरून आईकडे पळाला. मैत्रिणीच्या सासऱ्यांनी पुढे होऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस करा आता. केक कापायचाय." काकांनी गुपचूप रुमाल गोळा केले. परत येताना रिक्षात मला म्हणाले, "रडला तो. रडू दे. लक्षात राहील." मला त्यांचा राग आला होता, पण त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. एखाद्याने मुलाला विस्तवापासून मागे ओढावं आणि मूल रडावं, तसं काहीतरी त्यात होतं.

पुन्हा त्यांना त्या बाजूला कुणी बोलावलं नाही. थोड्या दिवसांनी घाटकोपरहून एक गृहस्थ आले. शाळांमधून जादूचे खेळ करणारे, केस काळे केलेले, बोटांत अंगठ्या. काका त्यांच्याकडेच शिकले होते. त्यांना काकांना झाडायचं होतं, पण काका घरी नव्हते आणि काकींनी नुसतं पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. तेव्हा ते माझ्यासमोरच मोकळे झाले.

"ताई, वाट लावली यांनी धंद्याची. कांदिवलीत शो केला, तर पोरं ओरडतात, पिशवी उलटी करा, पिशवी उलटी करा! मी यांना काय म्हणून शिकवलं?"

"मग का शिकवलंत?" मी विचारलं.

त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "माझ्याकडे पुष्कळ येतात. एक तोतरा मुलगा होता, त्याला चारचौघांत बोलायचं होतं, पण शब्दांशिवाय. एक पोस्टातला कारकून होता, त्याच्याकडे घरात कुणी ढुंकून बघत नव्हतं. कुणाला पोरींवर छाप पाडायची असते. एक बाई पण आली होती, तिला नवऱ्याने टाकलेली, ती म्हणाली, निदान पत्ते तरी माझ्या मनासारखे वागू देत. सगळ्यांना शेवटी एकच हवं असतं, लोकांनी आपल्याकडे बघावं. मी पण त्यातलाच. माझा बाप मला गधडा म्हणायचा. पण हे तुमचे काका आले आणि म्हणाले, मला कुणाला फसवायचं नाही. माणूस फसतो कसा, तेवढं शिकवा." ते उठले. "मला वाटलं, गंमत करतायत."

त्यांचा निरोप मी काकांना सांगितला. पावसाळा संपत आला होता, ते ओट्यावर बसून छत्रीची काडी नीट करत होते. काकी देवळात गेल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरोबर बोलला तो." आणि मग मी न विचारताच सांगायला लागले.

थोरलीचं नाव शैला. मुलुंडला दिली होती, स्वतःचा ब्लॉक असलेलं घर. वर्षभरात ती माहेरी आली आणि म्हणाली, मला परत जायचं नाही. कारण सांगेना. काकांनी तिची समजूत घालून पाठवली. नवीन घर, रुळायला वेळ लागतो, वगैरे. मग तिला बघायला म्हणून ते आणि काकी एकदा मुलुंडला गेले.

"काय पाहुणचार केला," काका म्हणाले. "शिरा केला. सासू माझ्या शेजारी बसून आमच्या गावाकडच्या गोष्टी विचारत होती. नणंद नुसती हसवत होती. जावई म्हणाला, बाबा, नवीन फ्रीज घेतलाय, या ना दाखवतो. मी गेलो. त्याने दार उघडलं, आत दिवा लागला. बर्फाचा ट्रे काढून दाखवला. मी आपला बघतोय. शैला तिथेच उभी होती, स्वयंपाकघराच्या दारात, हाताच्या अंतरावर. मे महिना आणि तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातलेला. ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी काय बघत होतो?"

छत्रीची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"फ्रीज," ते म्हणाले. "मी फ्रीज बघत होतंय."

त्यानंतर महिना पुरा व्हायच्या आत पोलीस दारात आले होते. खटला झाला, सुटले सगळे. शेजाऱ्यांनी साक्ष दिली की घर चांगलं होतं, मुलगी हसतमुख होती. काका कोर्टात बसून ते ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं, खरंच की, मला पण तसंच दिसलं होतं.

"गोदामात एक डबा कमी असला तरी मी ओळखायचो. मला त्या घरात कसं फसवलं त्यांनी? चार माणसांनी मिळून माझे डोळे फिरवले, आणि मला कळलं नाही. ते कसं करतात, एवढंच मला शिकायचं होतं. आणि शिकलो की लोकांना दाखवायचं होतं, की बाबांनो, असं करतात. टाळ्या काय वाजवता!"

काकी वळणावर दिसल्या तसे ते गप्प झाले आणि पुन्हा छत्रीला लागले.

यानंतरच्या उन्हाळ्यात निमाचं प्रकरण झालं. निमा आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीतली. वडील कंपनीत ड्रायव्हर. लग्न करून चेंबूरला दिलेली, ती आठवडाभर माहेरी येऊन राहिली होती आणि आता तिला न्यायला नवरा आणि सासू आले होते. निमाच्या वडिलांनी काकांना मुद्दाम बोलावलं, कारण पाहुण्यांसमोर एक वडीलधारं माणूस असलेलं बरं. मला चहाला मदत करायला बोलावलं होतं.

सगळं छान चाललं होतं. सासूने मिठाईचा पुडा आणला होता. जावई सासऱ्यांशी गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलत होता. निमा आईच्या मागे उभी. काकांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एक गंमत दाखवतो," आणि खिशातून नाणं काढलं.

साधाच प्रयोग. पण त्या दिवशी हात छान चालला. नाणं या बोटावरून त्या बोटावर फिरलं, मुठीत गेलं, जावयाच्या शर्टाच्या खिशातून निघालं. सासू "अगो बाई" म्हणाली. निमाचे वडील हसले. मी पण नाण्याकडेच बघत होते. काका मात्र नाण्याकडे बघत नव्हते, निमाकडे बघत होते. आणि निमा नवऱ्याच्या हाताकडे. तो हात टाळी वाजवायला वर गेला तेव्हा ती अंग चोरून मागे सरली.

काकांनी नाणं खाली ठेवलं. "ही पोरगी परत जाणार नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कोण?" सासूने विचारलं. जावई उठून उभा राहिला. निमाचे वडील घाईने काकांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर घेऊन आले. मी चहाची किटली घेऊन दारातच होते.

"काका, हे काय करताय तुम्ही? पाहुण्यांसमोर?"

"तुझं लक्ष नाही," काका म्हणाले. "तुला दिसत नाही ते मला दिसलं. तो तिला मारतो. ते तुला दुसरीकडे बघायला लावतायत, मिठाई, गाडी, हे ते. तू एकदा तिच्याकडे नीट बघ."

निमाच्या वडिलांनी एकदा मागे खोलीकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आम्हाला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? हिची आई आठवडाभर तिच्या पाठीला हळद लावतेय. दिसतं सगळं. पण हिच्यामागे अजून दोन पोरी आहेत, काका. त्यांना कोण करणार? तुम्ही घरी जा."

काका जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पडद्यामागचं दाखवायला गेलेल्या माणसाला कळावं की तिथे पडदाच नव्हता, तसा तो झाला होता. मग ते वळले आणि आपल्या घरी गेले. मला त्यांची काळजी वाटली म्हणून किटली ठेवून मी मागोमाग गेले.

काकी दिवा लावत होत्या. काका उंबऱ्यातच उभे राहिले.

"मुलुंडाक गेललो," ते म्हणाले. "तेवा शैलाचा... तुका दिसलेला?"

काकींनी काडी विझवली.

"होय," त्या म्हणाल्या. "ती वाढूक वाकली तेवा दिसला. हातार डाग होते."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"धाकट्येचा लगीन व्हायचा रवलेला." काकी देवाकडेच तोंड करून बोलत होत्या. "मी म्हटलंय, भायर पडल्यार तुमी इचारतलात. इचारल्यात तर सांगान. पन तुमी इचारूक नाय. ट्रेनमधी सगळो येळ त्या फ्रीजाचा बोलत होतात." त्या थांबल्या. "तुमी इचारूक नाय, तेवा माका सुटल्यासारखा वाटला."

काका खाली बसले. उंबऱ्यावरच. इतकी वर्षं आरशासमोर बसून हा माणूस जे शोधत होता, ते त्याच घरात, तांदूळ निवडत, ओट्यावर बसलेलं होतं.

मग काकींनी पदर खोचला. मला म्हणाल्या, "बाजूक हो गो," आणि काकांना ओलांडून अनवाणीच बाहेर पडल्या. मी काकांच्या बाजूने आत सरले आणि खिडकीतून बघितलं. त्या शेवटच्या खोलीत गेल्या. आरडाओरडा झाला, सासूचा आवाज चढला, मग निमाच्या आईचं रडणं. थोड्या वेळाने काकी निमाला मनगटाला धरून घेऊन आल्या. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. काकींनी तिला आत नेलं, काकांनाही उंबऱ्यावरून आत सरकवलं, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या. बाहेरून जावयाने दारावर लाथा मारल्या. काकी हलल्या नाहीत. काका उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते दोघं असे जवळजवळ बसलेले मी पहिल्यांदा बघितले. पण एकमेकांकडे कुणी बघितलं नाही.

निमा राहिली. पुढे ती शिवणाच्या कारखान्यात लागली. तिचे वडील काकांशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, आणि सुटीत धाकटी बोईसरहून आली की तीही आईबापांवर चिडायची, परक्या पोरीला घरात ठेवलीत म्हणून. काकांनी जादूचं सगळं सामान घाटकोपरच्या त्या गृहस्थांना देऊन टाकलं. ते न्यायला आले तेव्हा म्हणाले, "का सोडता? आता कुठे हात बसत होता." काका म्हणाले, "त्यात काय नाय हो."

त्यानंतर ते खचले. जेवण कमी झालं. एकदा मला म्हणाले, "फसवलं मला, असं वाटायचं तोवर बरं होतं. रागवायला माणसं होती." काकींशी ते भांडले नाहीत, अबोलाही धरला नाही. चहा मागायचे, औषध मागायचे. पण भिंतीच्या या बाजूला आम्हाला पूर्वी जी त्यांची कुजबुज ऐकू यायची, गावातल्या कुणाकुणाच्या गोष्टी, ती थांबली ती थांबलीच.

एक नवीन खोड मात्र लागली. कुठलीही बाई समोर आली की विचारायचे, "घरात त्रास नाय मां?" भाजीवालीला, माझ्या शाळेतल्या बाईंना, पत्ता विचारायला आलेल्या अनोळखी मुलीला. लोक हसायचे, काही बायका रागवायच्या. "म्हातारा वाह्यात आहे," असं एक-दोघींनी मला येऊन सांगितलं. निमाला तर ती कामावरून आली की रोज विचारायचे, आणि ती रोज सांगायची, "नाही काका."

आम्हाला बोरिवलीला जागा मिळाली. सामान टेम्पोत चढलं. काकींनी माझी ओटी भरली. काका काठी टेकत रस्त्यापर्यंत आले आणि माझ्या नवऱ्यासमोरच मला विचारलं, "घरात त्रास नाय मां तुका?"

नवरा ओशाळून हसला. "काय काका! माझ्यासमोर विचारता?"

"तुका नाय इचारूक," काका म्हणाले. "तिका इचारतंय."

"नाही काका," मी म्हटलं. "खरंच नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, सरळ माझ्या तोंडाकडे. मग मान हलवली.

"तू खोटा सांगलंस तर माका कळाचा नाय," ते म्हणाले. "पन मी इचारूक नाय, असा नको."